डिस्क वाळवायची मशीन, बायबॅकचा करार अन् माझे २,९३,८५० रुपये

मशीन घ्या, कच्चा माल आम्ही देतो, तयार माल आम्हीच उचलतो. हा बायबॅकचा प्रकार कसा चालतो ते सांगायची गरज नाही, वातीच्या मशीनमध्ये, पेन्सिलच्या मशीनमध्ये, द्रोण-पत्रावळीत आपल्याकडचे किती लोक बुडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मीही पाहिलं होतं. आमच्याच गावच्या एका ताईंचे वातीच्या मशीनमध्ये ३५,००० गेले तेव्हा त्यांचा तक्रारीचा अर्ज मीच टाईप करून दिला होता. तरी मी फसलो, कारण यावेळी माल म्हणजे वात नव्हती, हार्ड डिस्कच्या आतली चकती होती, अन् ती मला माझ्या धंद्यातली वस्तू वाटली.

मी आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स केलेला माणूस. तालुक्याच्या बस स्टॅन्डजवळ अकरा वर्षांपासून कॉम्प्युटर अन् मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, गावात चार एकर कोरडवाहू. हे मुद्दाम सांगून राहिलो, कारण "शिकला नसेल म्हणून फसला" असं लोक लगेच म्हणतात. २०२४ ला सोयाबीन एकरी तीन पोते झालं, दुकानात हार्ड डिस्कचं काम बिनचकतीची एसएसडी आल्यापासून निम्म्यावर आलं होतं, घरी आईचं ऑपरेशन झालेलं. अशा वेळी कोणी महिन्याला ४५,००० चा हिशोब कागदावर मांडून दाखवला तर माणूस तो कागद घडी करून खिशात ठेवतोच.

हिशोब असा होता. जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेल्या चकत्या, साडेतीन इंचीवाल्या, म्हणजे ९५ मिलिमीटरच्या, मधात २५ मिलिमीटरचं भोक, ह्या कंपनी पाठवणार. आपण त्या लिक्विडच्या टबात धुवायच्या, साध्या पाण्यातून काढायच्या, २५-२५ चा लॉट रॅकमध्ये उभा लावून ड्रायर मशीनमध्ये टाकायचा, सात मिनिटांत कोरड्या करून पॅक करायच्या. एका चकतीला ९ रुपये. दिवसाला २०० केल्या तर १,८००, पंचवीस दिवसांचे ४५,०००. नागपूरजवळ बुटीबोरीला मोठं युनिट आहे, तिथं लोड वाढला म्हणून खेड्यापाड्यात काम वाटून देऊन राहिलो, असं सांगितलं. मी बुटीबोरीला जाऊन युनिट पाहिलं का? नाही. एका दिवसाचं काम होतं. तुम्ही जा. युनिट दाखवत नाही म्हटलं की तिथंच उठा.

आता तो क्षण सांगतो, जो मला अजून झोपू देत नाही.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार, नागपुरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये डेमो होता. वीस-बावीस जण होतो, बहुतेक आपल्यासारखेच गावाकडचे, दोघी-तिघी बचत गटाच्या ताई. डेमोवाल्या पोट्ट्यानं टबातून चकती काढली ती उघड्या हातानं, अंगठा सरळ चकतीच्या तोंडावर. मी अकरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो की भाऊ, हार्ड डिस्क उघडू नका, धुळीचा एक कण गेला तरी चकती वाचणारं हेड घासतं अन् डेटा जातो. चकती धरायचीच झाली तर कडेनं अन् मधल्या भोकात बोट घालून धरतात, हे मला माहीत होतं. अन् हा माणूस कंपनीकडून आलेला, रोज हजारो चकत्या हाताळतो म्हणणारा, अंगठा उमटवून राहिला. मी ते पाहिलं. नीट पाहिलं. मग मशीन थांबली, झाकण उघडलं, चकत्या काढल्या अन् लोकांच्या हातात द्यायच्या आधी त्यानं खिशातून पिवळं फडकं काढून प्रत्येक चकती पुसली. अरे, वाळवायची मशीन आहे ना? वाळली असेल तर पुसून काहून राहिला? हा एक प्रश्न उभं राहून विचारला असता तर माझे पैसे वाचले असते अन् त्या हॉलमधल्या निम्म्यांचे वाचले असते. पण माझ्या शेजारी बसलेले काका चेकबुक काढून बसले होते, सगळे माना डोलवत होते, मला वाटलं आपण रिपेअरिंगवाले, ही फॅक्टरीची गोष्ट, आपल्याला काय कळते. चहा झाल्यावर बाजूला घेऊन हळूच विचारलं तर म्हणाला, "सर, ही तं प्री-क्लिनिंग स्टेज हाय, फायनल युनिटमध्येच होते." अन् मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

पैसे कसे गेले ते पै न पै लिहितो. त्याच दिवशी नोंदणीचे २,१०० फोनवरून. मशीन १,८५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३३,३००, एकूण २,१८,३००. त्यातले १,६०,००० बँकेचं मुद्रा कर्ज, बाकी ५८,३०० साठी बायकोची पोत गहाण ठेवली. चकत्यांचं डिपॉझिट ४०,०००, ते सोयाबीनच्या चुकाऱ्यातून. गाडीभाडं अन् फिटिंग ६,५००. माझ्याकडून शेडचे टिन, वायरिंग, पाण्याची टाकी, टेबल मिळून ३१,४५०. टोटल २,९८,३५०. परत आले ४,५००. गेले २,९३,८५०.

बिलाचं सांगायचं राहिलं. बिलावर पत्ता नागपूरचा, सीजीएसटी ९ टक्के अन् एसजीएसटी ९ टक्के असे वेगळे लावलेले, म्हणजे राज्यातल्या राज्यात विक्री असल्यासारखे, अन् जीएसटी नंबर सुरू होतो २४ नं. महाराष्ट्राचा कोड २७ आहे, २४ गुजरातचा. मी स्वतः दुकानात लोकांचे फॉर्म भरून देतो, मला हे पाठ आहे. बिल हातात आलं तेव्हा दिवाळीची गर्दी होती अन् मी फक्त खालची रक्कम पाहिली. जीएसटीच्या सरकारी साईटवर नंबर टाकला की नाव-पत्ता फुकट दिसतो, दोन मिनिटं लागतात, पैसे द्यायच्या आधी टाका. अन् कोणी छोट्या उद्योगाच्या नोंदणीचं फ्रेम केलेलं उद्यम सर्टिफिकेट दाखवलं तर त्याला काही अर्थ नाही, ते फुकट मिळतं अन् स्वतःच माहिती भरून निघतं, कोणी येऊन कारखाना तपासत नाही.

नोव्हेंबरच्या शेवटी मशीन आली. डिसेंबरमध्ये पहिला लॉट, ५०० चकत्या. मी अन् बायकोनं तीन दिवसांत धुऊन वाळवून दिल्या, आठव्या दिवशी ४,५०० खात्यात. ह्या ४,५०० नं माझी उरलीसुरली शंका मारली. मी दोन मित्रांना फोन करून सांगितलंही की काम खरं आहे. त्यातल्या एकानं २,१०० भरले, ते मी त्याला माझ्या खिशातून परत दिले, वरच्या हिशोबात ते धरलेले नाहीत.

जानेवारीत दुसरा लॉट २,००० चा. दिवसरात्र करून दिला. फेब्रुवारीत व्हॉट्सअपवर एक पीडीएफ आली, १,६४० चकत्या रिजेक्ट, कारण 'वॉटर मार्क', म्हणजे पाण्याचे डाग. करारात बारीक अक्षरात होतं की खराब चकतीचे ३५ रुपये कापणार. १,६४० गुणिले ३५, झाले ५७,४००. डिपॉझिट ४०,००० जप्त, वर १७,४०० तुम्हीच आम्हाला द्या. पास झालेल्या ३६० चे ३,२४० कुठं गेले त्याचं नावच नाही. फोन केला तर आधी गोड, मग "वकिलाकडून नोटीस येईल", मग नंबर बंद. हॉटेलच्या हॉलचं बुकिंग तं एका दिवसाचंच होतं.

मग मशीन खोलली. आधी खोलायला पाहिजे होती, पण वॉरंटीचं सील होतं. आत काय निघालं? अर्ध्या एचपीची सिंगल फेज मोटर, वॉशिंग मशीनच्या स्पिनरसारखं भांडं, रूम हीटरची उघडी कॉईल, एक ब्लोअर. टेम्परेचरचा डिस्प्ले होता पण त्याचा सेन्सर कशालाच जोडलेला नव्हता. बारीक धूळ अडवणारा 'हेपा फिल्टर' म्हणून लावलेला एसीच्या जाळीमागचा फोम. माझ्या हिशोबानं सगळं सामान १५,००० च्या वर नाही.

वॉटर मार्क पडणारच होते, ह्या मशीनमध्ये कोणीही टाकले असते तरी. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षाराचं माप, माझ्याच मीटरवर ९२०. गरम हवेनं पाणी उडते, पाण्यात विरघळलेला क्षार उडत नाही, तो चकतीवर पांढरा डाग होऊन बसते, पातेल्यात पाणी उकळून ठेवलं की पांढरं बसते तसंच. खऱ्या कारखान्यात शेवटची धुलाई क्षार काढलेल्या अतिशुद्ध पाण्यानं होते अन् पाणी सुकू देण्याऐवजी काढून घेतात, म्हणजे रॅक जोरात फिरवून बाहेर फेकतात, नाहीतर चकती पाण्यातून अगदी सावकाश वर उचलतात अन् वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलची वाफ सोडतात. त्या वाफेनं पृष्ठताणात फरक पडून पाणी आपोआप खाली ओढलं जाते, थेंब मागं राहतच नाही. मारंगोनी ड्राइंग म्हणतात त्याला, कार्लो मारंगोनी नावाच्या एकोणिसाव्या शतकातल्या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावावरून. अन् हे सगळं क्लीन रूममध्ये चालते. क्लास १०० ची खोली म्हणजे एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रॉनचे किंवा त्याहून मोठे कण शंभराच्या वर नको. हार्ड डिस्कचं हेड चकतीपासून काही नॅनोमीटरवर तरंगते, आपला केस त्याच्या हजारो पट जाड. अन् मी हे काम टिनाच्या शेडमध्ये करून राहिलो होतो, शेजारी तुरीचं थ्रेशर चालू, कापसाचं तंतू उडून राहिलं.

आणखी एक गोष्ट, ज्यांच्याकडे अशी मशीन पडून असेल त्यांनी नीट वाचा. फोनवर त्या माणसानं मला सांगितलं होतं की डाग येत असतील तर भांड्यात थोडं आयपीए, म्हणजे तेच आयसोप्रोपिल अल्कोहोल, टाका, चमक येईल. आयपीए मी दुकानात बोर्ड साफ करायला वापरतो, ते साधारण १२ अंशांनाच पेट घेण्याइतकी वाफ सोडते. उघड्या कॉईलच्या मशीनमध्ये ते टाकलं असतं तर माझ्या बायकोचा चेहरा जळाला असता, झाकण तीच उघडत होती. पैशाचं एक वेळ राहू द्या, ह्या वाक्यासाठी मला तो माणूस पाहिजे.

आता यंत्रणा. मार्चमध्ये तालुक्याच्या ठाण्यात गेलो. जमादारानं कागद न वाचताच सांगितलं, "हे तं व्यवहाराचं प्रकरण हाय, सिव्हिल मॅटर, कोर्टात जा." दुसऱ्यांदा गेलो, ठाणेदार बंदोबस्तात. तिसऱ्यांदा भेटले तर म्हणाले घटना नागपूरला घडली, तिकडं द्या. बसचं भाडं भरून नागपूरला गेलो, हॉटेल ज्या ठाण्याच्या हद्दीत येते तिथं चार तास बसवलं अन् सांगितलं की पैसे तुमच्या गावच्या बँकेतून गेले, तुमच्याच ठाण्यात द्या. दोन्हीकडच्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "एवढे शिकलेले असून कसे काय फसले?" हा प्रश्न विचारायचा पगार आहे का त्यांना? चोराला विचारा ना! १ जुलै २०२४ पासून नवीन कायदा आहे, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावी लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. फसवणुकीचं कलम, जुनं ४२०, आता भारतीय न्याय संहितेत ३१८. हे मी त्यांना सांगितलं तर, "तुम्हीच वकील हाय तं आमच्याकडं कशाला आले?" ठाण्यानं घेतलं नाही तर तीच तक्रार पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, कलम १७३ च्याच पोटकलम ४ मध्ये आहे. मी रजिस्टर पोस्टानं पाठवली, पोचपावती जपून ठेवली. दोन महिन्यांनी उत्तर आलं की अर्ज योग्य कार्यवाहीसाठी संबंधित ठाण्याकडे वर्ग केला. संबंधित ठाणं म्हणजे तोच जमादार.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन केला. तिथली ताई नीट बोलली, नंबर दिला, पण मी पैसे गेल्यावर चार महिन्यांनी फोन केला होता, खातं रिकामं झालेलं. तुम्ही पहिल्या तासात करा, माझ्यासारखी लाज वाटून थांबू नका. त्या चार महिन्यांतले निदान दीड मी फक्त घरच्यांना कसं सांगू ह्याच विचारात घालवले.

बँकेचा राग वेगळाच आहे. माझ्या पिकाच्या कागदाला ज्या शाखेत दहा चकरा लागतात त्याच शाखेनं त्या कंपनीचं कोटेशन एका दिवसात मान्य केलं, पैसे थेट कंपनीच्या खात्यात टाकले, साहेब येऊन मशीनसोबत माझा फोटो काढून गेले. कोटेशनवरचा जीएसटी नंबर त्यांनीही पाहिला नाही. आता म्हणतात मशीन तुमच्या ताब्यात आहे, फसवणूक कसली? हप्ता ५,२३८, तो मात्र एक दिवस उशीर झाला की फोन. उद्योगाच्या सरकारी ऑफिसात गेलो तर, "आमच्या योजनेतून घेतलं नाही ना, मग आमचा संबंध नाही."

ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर खिडकीवरच्यानं सांगितलं व्यवसायासाठी घेतलेली मशीन चालत नाही. खोटं आहे हे. २०१९ च्या कायद्यातच लिहिलं आहे की स्वतःच्या रोजीरोटीसाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू 'व्यावसायिक कारणा'त धरत नाहीत. मी अर्जात "मी व माझी पत्नी स्वतः काम करून उदरनिर्वाहासाठी" ही ओळ टाकली तेव्हा दाखल झाला. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, खिडकीवरून परत येऊ नका. पण समोरच्याला नोटीस बजावायची तर पत्ता पाहिजे, अन् बिलावरच्या पत्त्यावर एक बंद गाळा आहे. पाकीट तीनदा परत आलं. प्रत्येक तारखेला दुकान बंद.

त्या २० ऑक्टोबरच्या हॉलमध्ये जे होते त्यांनी मला मेसेज करा. पिवळं फडकं आठवत असेल, शेजारी बसलेले चेकबुकवाले काका तुम्ही असाल तर तुम्हीही. बिल, करार, खात्यात पैसे टाकल्याची स्लिप, व्हॉट्सअपचे मेसेज, काहीही डिलीट करू नका, अन् ते १७,४०० मागत असतील तर एक रुपया देऊ नका. आतापर्यंत पाच जण सापडले, सगळ्यांच्या बिलावर तोच २४ नं सुरू होणारा नंबर, दोघांना अजून माल रिजेक्टची पीडीएफ यायची आहे. आम्ही सोमवारी सगळ्यांचे अर्ज एकत्र घेऊन अधीक्षक साहेबांकडे जाऊन राहिलो, मशीनचं झाकण अन् ती कॉईल सोबत नेतो.