नऊ महिने, २,१५० रुपये आणि एक पान मागे: गटाच्या फ्लिपचार्ट संचाचा अनुभव

मंगळवारी बचत गटाच्या बैठकीत फ्लिपचार्टची स्प्रिंग तुटली. ऊसतोडीहून बाया परत आल्यानंतरची पहिली बैठक होती, सहा महिन्यांनी चौदाच्या चौदा जणी एका ओट्यावर बसल्या होत्या, आणि मी चित्र ११ उलटायला गेले तर ११ ते २४ सगळी पानं मांडीवर आली. म्हणून या संचाबद्दल लिहायला बसले. नाहीतर जुलैपासून "लिहीन लिहीन" चाललं होतं.

संचात काय काय येतं ते सांगत नाही. गटांसोबत काम करणाऱ्या बहुतेकींनी तो कुठल्यातरी प्रशिक्षणात पाहिलेला असतो: २४ चित्रांचा उभा फ्लिपचार्ट, ४८ चित्रकार्डं, प्रेरिकेसाठी, म्हणजे बैठक चालवणाऱ्या बाईसाठी, जाड पुस्तिका, कापडी तक्ता आणि एक पेनड्राइव्ह. मी उमेदची, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाची, सीआरपी आहे, गावातल्या गटांना मदत करणारी. बीड जिल्ह्यातल्या धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यात तीन गावं माझ्याकडे आहेत. २०२३ मध्ये आमचं मानधन ३ हजारांचं ६ हजार झालं. त्यातले २,१५० मी या संचाला घातले, स्वतःच्या खिशातून. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी एवढी का चिडलेय ते कळेल.

आता मुख्य गोष्ट. फ्लिपचार्ट तंबूसारखा उभा राहतो. बायांकडे चित्र, माझ्याकडे पानाची मागची बाजू, त्यावर काय विचारायचं ते छापलेलं. घरातलं टेबल कॅलेंडर घ्या आणि उलटून बघा. चित्र ८ समोर आलं की माझ्याकडे येते ती आत्ताच उलटलेल्या पानाची, म्हणजे चित्र ७ ची, पाठ. म्हणून चित्र ८ चे प्रश्न चित्र ७ च्या पाठीवर छापायचे असतात. ज्याने आयुष्यात एकदा तरी फ्लिपचार्ट हाताळलाय त्याला हे माहीत असतं. या संचात चित्र ८ चे प्रश्न चित्र ८ च्याच पाठीवर आहेत. म्हणजे मी नेहमी एक पान मागे.

पहिल्याच बैठकीत फजिती झाली. बायांसमोर चित्र ८: बँकेत हप्ता भरणारी बाई. माझ्यासमोर चित्र ७ चा मजकूर, हात धुण्याचा. नवीन होतं, मी सरळ वाचून मोकळी: "हे केल्यानंतर तुम्ही साबणाने हात धुता का?" क्षणभर शांतता. मग कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "आवं ताई, हप्ता चुकला की बँकवालेच हात धुऊन मागं लागतेत, आपण कशाला धुवायचे?" त्या दिवशी पुढची बैठक झालीच नाही, हसण्यातच गेली. मीही हसले. घरी येऊन मात्र रडायची पाळी, कारण पावतीवर छापलेलं होतं: विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

संच विकणाऱ्यांना फोन केला. पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, फ्लिपचार्ट असाच असतो." मी कॅलेंडरचं उदाहरण दिलं. तो म्हणाला, "मग तुम्ही मागे नका बसू, पुढे बसा." पुढे बसले तर वाचू काय, कपाळ? दुसऱ्यांदा व्हिडिओ मागितला. पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, पुढे काही नाही. तिसऱ्यांदा एक बाई फोनवर आल्या, त्यांनी चूक मान्य केली, हे त्यांच्या बाजूने लिहिलंच पाहिजे. पण म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल, आत्ताचा बदलून हवा तर जायचं-यायचं कुरिअर तुमच्याकडे, ३८० रुपये. चूक त्यांची, ३८० माझे. मी नाही म्हटलं. मग गावातल्या झेरॉक्सवाल्याकडे २३ पाठी झेरॉक्स केल्या, प्रत्येक कागद आधीच्या पानाच्या पाठीवर फेविकॉलने चिकटवला. ४६ रुपये झेरॉक्स, २० रुपये फेविकॉल. ऑगस्टच्या दमट हवेत निम्मे कागद फुगले. पण चालत होतं.

बाकीचं पटापट सांगते. पेनड्राइव्ह बिनकामाचा, अंगणवाडीतला टीव्ही बंद आहे आणि माझ्या मोबाइलला पेनड्राइव्ह लागत नाही. कापडी तक्ता छान, धुतला तरी रंग गेला नाही. पुस्तिकेत फिरता निधी, म्हणजे गटाला अभियानाकडून मिळणारी रक्कम, अजून १५ हजारच छापलाय, तो २०२३ पासून ३० हजार झाला. एका गटाची सचिव बारावी शिकलेली आहे, तिने पुस्तिका चाळली आणि घाबरून विचारलं, "ताई, आम्हाला तीस आले, पंधरा परत मागतील का?" मी पेनाने खोडून ३० केलं.

चित्रांबद्दल तक्रार आहे. सगळ्या बाया हिरव्या नऊवारीत, अंगणात तुळस, घर कौलारू, नवरा डोक्यावर टोपी घालून हसतोय. आमच्याकडे पत्र्याची घरं, अंगात पाचवारी नाहीतर गाऊन, आणि तोडीला जाताना साडीवर नवऱ्याचा शर्ट. "ही बाई पुण्याची हाय," असं पहिल्याच गटात ठरलं. त्यानंतर सगळ्या चित्रांतल्या बायांना "पुण्याची" हेच नाव पडलं. "पुण्याचीनं कर्ज काढलं काय?" हे आता आमच्या गटातलं रोजचं वाक्य आहे.

आता मला आवडलेली गोष्ट. पुस्तिकेत प्रत्येक चित्राला प्रश्नांची एक चढण आहे. चित्रात काय दिसतं? आपल्याकडे असं होतं का? कुणाला होतं, कुणाला नाही? का होतं? मग आपल्या हातात काय आहे? ही पद्धत जुनी आहे. आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं की १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोस गावात पाउलो फ्रेरी यांच्या चमूने सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत लिहा-वाचायला शिकवलं. त्यांच्या पद्धतीत मजुरांसमोर त्यांच्याच जगण्याची चित्रं ठेवायची, त्यावर बोलायचं, आणि त्या बोलण्यातून अक्षरं काढायची. तिथली चित्रं मात्र तिथल्याच लोकांची होती, पुण्याची नव्हती.

इथपर्यंतचं मी मंगळवारी रात्रीच लिहून ठेवलं होतं, आणि तीन तारे देऊन थांबणार होते. बुधवारी जुन्या नोंदवह्या काढल्या, कुठल्या बैठकीत काय झालं ते पाहायला, आणि मत थोडं बदललं.

झालं असं की जुलैतल्या त्या फजितीनंतर आणि झेरॉक्स चिकटवायच्या आधी अशा मी सहा बैठका घेतल्या. त्या सहा बैठकांत माझ्यासमोरचा मजकूर चुकीचा होता, म्हणून मी वाचायचं सोडलं आणि नुसतं विचारलं, "यात काय दिसतंय?" नोंदवहीत त्या सहा बैठकांत बायांच्या बोलण्याची पानं भरलेली आहेत. कोण मुकादमाचं किती देणं लागतं, कुणाच्या पोराने शाळा का सोडली. झेरॉक्स चिकटवल्यानंतरच्या बैठकांची नोंद मात्र "चित्र ९ समजावले, चित्र १० समजावले" अशी. माझंच अक्षर, मलाच लाज वाटली. बरोबर मजकूर समोर आला की मी परत मास्तरीण झाले. एका पाठीवर चौदा ओळी छापल्यात. चौदा ओळी हातात असल्या की माणूस वाचतोच.

म्हणून छपाईची चूक बरी झाली असं मी म्हणणार नाही. हे वाक्य त्या लोकांच्या हाती लागलं तर ते जाहिरातीत छापतील. नव्या मुलीला पहिले तीन महिने मजकूर लागतो, आणि तो योग्य चित्रासमोर लागतो. फक्त चौदा ओळींऐवजी तीन ओळी द्या, एवढंच.

चित्रकार्डांचं मत मात्र सुरुवातीपासून एकच आहे: तीच घ्या. सुटी मिळतात, ६५० रुपये. पक्कं लॅमिनेशन आहे, चहा सांडला तरी पुसता येतात, आणि मुख्य म्हणजे ती बायांच्या हातात जातात. फ्लिपचार्ट माझ्या हातात राहतो. कार्डं ओट्यावर पसरली की कमी बोलणारी बाईसुद्धा एक उचलते. दारूचं कार्ड कुणी उचललं, हे सगळ्या न बोलता बघतात. पुस्तिकेत कार्डं लावायचे चार खेळ आहेत, त्यातला "आधी काय, मग काय" हा कर्जाच्या विषयाला फार चालतो.

यापेक्षा स्वस्त साधन हवं असेल तर चिंचोके. फुकट. दसऱ्याच्या आधी मी वर्षाचं वेळापत्रक काढायची बैठक घेतली. संचातल्या तक्त्यावर जानेवारी ते डिसेंबर छापलंय. बाया त्याकडे बघतच राहिल्या. शेवटी एकीने तो गुंडाळून बाजूला ठेवला आणि जमिनीवर खडूने रेघा मारल्या. पहिला महिना कुठला? एकजण म्हणाली पाडवा. दुसरी म्हणाली, "पाडवा कशाचा, आपलं वर्ष कोयता निघतो तवापासनं." मग दसऱ्यापासून सुरू. प्रत्येक महिन्यात काम किती, हातात पैसा किती, देणं किती, आजारपण किती, असे चिंचोके मांडले. उचल, म्हणजे तोडीआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, आली त्या महिन्यात पैशाचे चिंचोके ढीगभर, आणि त्याच घरात देण्याचेही ढीगभर. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत देण्याचे चिंचोके कमी होतच नाहीत. एका शेळीने मधे येऊन श्रावण खाल्ला, तो परत मांडला.

गावकऱ्यांनी जमिनीवर मांडलेले असले नकाशे आणि बिया सहभागी मूल्यांकनाच्या पद्धतीत वापरतात, म्हणजे गावाची परिस्थिती गावानेच मांडायची. १९८८ च्या सुमारास कर्नाटक आणि गुजरातमधल्या संस्थांनी ती गावोगाव वापरून पाहिली, आणि रॉबर्ट चेंबर्स या ब्रिटिश अभ्यासकाने ती जगभर पोचवायला मोठा हातभार लावला. त्यात एक नियम आहे: काठी त्यांच्या हातात द्या. त्या दिवशी खडू त्यांच्याच हातात होता, मला काही करावं लागलं नाही.

आता पुस्तिका काय म्हणते बघा. पंचसूत्रीतलं, म्हणजे गटाच्या पाच नियमांतलं, पहिलं सूत्र नियमित बैठक, उपस्थिती कमी झाली तर प्रेरिकेने गैरहजर सदस्यांच्या घरी जाऊन समुपदेशन करावं. चौदातल्या नऊ जणी दसऱ्यानंतर कारखान्यावर जातात. घरी जाऊन कुणाला समजावू? कुलपाला? कोपीवर, म्हणजे कारखान्याकडच्या त्यांच्या झोपडीवर, जायचं तर भाडं कोण देणार? पुस्तिकेत स्थलांतराचा शब्द एकदाही नाही. बीड जिल्ह्यात विकायला आणलेल्या संचात ऊसतोड नाही, हे मला कळत नाही.

मार्ग बायांनीच काढला. पहिला प्रस्ताव होता की उचल आली की सहा महिन्यांची बचत आधीच भरायची. मला ते पटलं नाही. उचल म्हणजे कर्ज, आणि कर्जातून बचत म्हणजे उलटा हिशेब. मी बोलायच्या आत म्हातारीनेच तो हाणून पाडला. ठरलं असं: मागे राहिलेल्या पाच जणींनी आठवड्याला बैठक घ्यायची, बाहेरच्यांनी महिन्यातून एकदा अर्धी बचत फोनवरून पाठवायची, उरलेली आल्यावर. सात जणींनी पाठवली, दोघींचं राहिलंय. मंगळवारी त्यावरच बोलणं चालू होतं, जेव्हा स्प्रिंग तुटली.

झारखंड-ओडिशातल्या एकजूट संस्थेचं उदाहरण आमच्या आशाताई नेहमी देतात. तिथे महिला गटांच्या बैठकांत कार्डं, गोष्टी, खेळ वापरले, आणि २०१० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला की त्या भागात नवजात बालकांचे मृत्यू सुमारे ३२ टक्क्यांनी कमी होते. त्या बैठकांचे चार टप्पे: अडचण ओळखायची, उपाय ठरवायचा, करायचा, आणि शेवटी परत बसून बघायचं काय झालं. या संचात पहिल्या टप्प्याला अठरा चित्रं आहेत, दुसऱ्याला सहा, तिसऱ्या-चौथ्याला शून्य. परत बसून बघायचं हे चिंचोक्यांवरच करावं लागलं.

तर तारे अडीच. कार्डांना चार, फ्लिपचार्टला एक, आणि फोनवर चूक मान्य करणाऱ्या बाईंसाठी म्हणून अर्धा कापला नाही.

काल संच घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले. जाड स्प्रिंगचे ५० रुपये सांगितले, ४० ला तयार झाला. आता एकूण २,२५६. त्याने पानं हातात घेतली, माझे फुगलेले कागद पाहिले आणि विचारलं, "ताई, हे खरवडून टाकू की राहू देऊ?" मी म्हटलं पहिल्या दहा चित्रांचे राहू दे, नव्या सीआरपीला लागतील. बाकीचे खरवड.