समुद्री केबल: सगळी एकदम टाकावी की टप्प्याटप्प्याने?

चार-पाच देशांना किंवा एखाद्या द्वीपसमूहाला जोडणारी दूरसंचार केबल आखायला घेतली की पहिल्याच बैठकीत प्रश्न येतो: पूर्ण मार्गाचं एकच कंत्राट द्यायचं, की आज पैसे आहेत तेवढा भाग टाकून बाकीचं पुढे बघायचं? बहुतेक वेळा याचा निकाल खर्चाच्या आकड्यावर लागतो. माझ्या मते आकड्याआधी टप्प्यांचा क्रम तपासायला हवा. शेवटी ठेवलेला टप्पा कधीच झाला नाही तर आधीचं जाळं कसं चालेल, याचं उत्तर ज्याच्याकडे आहे त्यानेच टप्प्यांचा विचार करावा.

खर्च

एकूण खर्चात एकदम टाकलेली केबल जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. समुद्रतळाचं सर्वेक्षण एकदाच होतं, केबल आणि रिपीटर (वाटेत क्षीण होणारा संदेश पुन्हा जोरकस करणारं उपकरण) एकाच मागणीत तयार होतात, जहाज एकदा भरून निघतं. टप्प्यांमध्ये हे सगळं पुन्हा करावं लागतं. मधे बरीच वर्षं गेली तर जुनं सर्वेक्षण जसंच्या तसं वापरता येत नाही, परवान्यांच्या मुदतीही संपलेल्या असतात.

त्याहून महाग पडते ती हरवलेली घासाघीस. जगात लांब पल्ल्याची केबल बनवून टाकून देणारे मोठे पुरवठादार मोजकेच: सबकॉम, अल्काटेल सबमरीन नेटवर्क्स, एनईसी, एचएमएन. पहिला टप्पा एकाचा असेल तर त्याच्या रिपीटरशी, वीजप्रवाहाशी आणि देखरेख यंत्रणेशी जुळणारा दुसरा टप्पा सहसा त्याच्याकडूनच घ्यावा लागतो. तेव्हा दर तो सांगेल तो.

टप्प्यांच्या बाजूने एक भक्कम मुद्दा मात्र आहे. एकदम बांधताना पहिला रुपया मिळण्याआधी सगळं कर्ज डोक्यावर येतं. लहान देशांच्या कंपन्यांना ते पेलत नाही आणि मग केबलच होत नाही. अपुरी केबल आणि अजिबात नसलेली केबल यांत निवडायचं असेल तर मी अपुरी निवडेन.

पाण्याखाली काय बदलता येतं

इथे दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते. क्षमता टप्प्याटप्प्याने वाढवणं वेगळं आणि मार्ग टप्प्याटप्प्याने वाढवणं वेगळं. क्षमतेचे टप्पे बिनधास्त करावेत. किनाऱ्यावरच्या लँडिंग स्टेशनमधली, म्हणजे केबल जमिनीवर येते त्या केंद्रातली, उपकरणं बदलून त्याच फायबरमधून (काचेच्या तंतूंमधून) कितीतरी जास्त माहिती पाठवता येते. केबल पंचवीस वर्षं टिकेल असं धरून बांधतात. तेवढ्या काळात ही उपकरणं सहज दोन-तीनदा बदलतात. पहिल्या दिवशी पूर्ण क्षमतेची उपकरणं घेण्याचं काहीच कारण नाही.

पाण्याखालचा भाग मात्र कारखान्यातून निघाला की ठरून गेला. फायबरच्या जोड्या किती हे नंतर बदलत नाही. साधारण साठ ते शंभर किलोमीटरवर एक रिपीटर असतो आणि त्या सगळ्यांना वीज किनाऱ्यावरून, त्याच केबलमधून, हजारो व्होल्टच्या दाबाने पोहोचवतात. दोन्ही टोकांकडून वीज मिळेल या हिशेबाने आखलेल्या मार्गाचा अर्धाच भाग बांधला तर तो सगळा भार एका टोकावर येतो. म्हणून पुढच्या टप्प्याची वीज पहिल्या टप्प्याच्या आराखड्यातच मोजलेली असावी लागते.

फाट्यांचंही तेच. पुढे ज्या बेटाला जोडायचं आहे त्याच्यासाठी ब्रँचिंग युनिट (मुख्य केबलमधून फाटा काढणारं उपकरण) आत्ताच मुख्य केबलमध्ये बसवून, त्याला थोडी केबल जोडून, तोंड बंद करून समुद्रतळावर ठेवता येते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हवाईकी केबलमध्ये प्रशांत महासागरातल्या पुढच्या जोडण्यांसाठी अशी सोय आधीच केलेली होती. हे टोक खोल पाण्यात ठेवावं. उथळ पाण्यात ते मासेमारीच्या जाळ्यांत सापडतं. युनिट आधी बसवलं नाही तर नंतर चालू केबल तळातून उचलून कापावी लागते आणि तेवढा काळ त्यावरची वाहतूक दुसरीकडून न्यावी लागते. दुसरीकडचा मार्ग असेल तर.

भागीदार आणि राजकारण

या बाबतीत दोन्ही पर्यायांना आपापली दुखणी आहेत. एकदम बांधायचं तर सगळ्यांची सही एकाच वेळी लागते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या ईएएसएसवाय केबलची मालकी आणि नियम कसे असावेत यावर देशांमधली चर्चा वर्षानुवर्षं चालली. केनियाने वाट पाहणं सोडून मोम्बासा ते संयुक्त अरब अमिरातीतलं फुजैरा अशी टीम्स ही स्वतंत्र केबल टाकली. ती आणि खासगी सीकॉम २००९ मध्ये आल्या. ईएएसएसवाय २०१० मध्ये.

टप्प्यांमध्ये वेगळा धोका असतो. मधल्या वर्षांत जग बदलतं. २०१० मध्ये प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटाकडून आलेल्या हँट्रू-१ केबलने मायक्रोनेशियातलं पोनपेई आणि मार्शल बेटांवरचं माजुरो जोडले गेले. त्याच परिसरातले कोसराई, नाउरू आणि किरिबातीचं तारावा मागे राहिले. त्यांच्यासाठी काढलेली निविदा २०२१ मध्ये सुरक्षेच्या वादात रद्द झाली. मग अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया पैसे घेऊन पुढे आले आणि एनईसीशी करार झाला तो २०२३ मध्ये. पुढचा टप्पा लवकरच होईल असं ज्यांना सांगितलं जातं, त्यांनी हा काळ लक्षात ठेवावा.

टप्पे नीट चालल्याचं उदाहरणही आहे. फ्रान्सपासून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याने जाणारी एसीई केबल २०१२ च्या अखेरीस साओ टोमेपर्यंत सुरू झाली आणि दक्षिण आफ्रिकेपर्यंत त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पोहोचली. तरीही लायबेरिया, सिएरा लिओन, गांबिया अशा देशांना त्यांची पहिली समुद्री केबल त्याच टप्प्यात मिळाली. युरोपकडचं टोक पहिल्याच टप्प्यात असल्याने तो भाग स्वतःच्या पायावर उभा राहू शकला.

तुटल्यावर काय

माझ्या दृष्टीने निर्णय इथेच व्हायला हवा. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे बिघाड होतात, बहुतेक मासेमारी आणि जहाजांच्या नांगरांमुळे. केबल वर्तुळासारखी बंद असेल तर एक तुकडा गेला तरी वाहतूक उलट दिशेने फिरते. सरळ रेषा असेल तर पलीकडचे सगळे अंधारात.

टप्प्यांच्या आराखड्यात हे वर्तुळ बंद करणारा तुकडा हमखास शेवटी ढकलला जातो, कारण त्यातून नवा ग्राहक मिळत नाही. त्याचं उत्पन्न शून्य दिसतं, म्हणून दर अंदाजपत्रकात तो पुढच्या वर्षी जातो. अलास्कातल्या क्विंटिलियन केबलचा बेत आधी अलास्का, मग आशिया, मग युरोप असा होता. नोम ते प्रुडो बे हा पहिला टप्पा २०१७ च्या अखेरीस सुरू झाला. पुढचे दोन झालेच नाहीत. जून २०२३ मध्ये बर्फाने केबल तोडली, जोडणी झाली सप्टेंबरमध्ये. जानेवारी २०२५ मध्ये ती पुन्हा तुटली आणि बर्फ हटेपर्यंत जहाजाला कामच करता येईना. तिथल्या वस्त्यांमधली रुग्णालयं, शाळा, बँका यांचा मोठा भार याच रेषेवर होता.

टोंगाला २०१३ मध्ये फिजीकडून ८२७ किलोमीटरची केबल मिळाली. वावाउ आणि हापाई बेटांची शाखा २०१८ मध्ये जोडली. बाहेर जाणारा दुसरा मार्ग मात्र करायचा राहून गेला. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीने दोन्ही तोडल्या. बाहेरच्या जगाशी केबल जोडायला पाच आठवडे लागले आणि आतल्या बेटांना २०२३ पर्यंत थांबावं लागलं. आपले नातेवाईक जिवंत आहेत का हे परदेशातल्या टोंगावासीयांना दिवसेंदिवस कळत नव्हतं.

मग काय निवडावं

पैसा आणि सह्या दोन्ही हातात असतील तर एकदम बांधा. पैसा कमी असेल तर टप्पे करा, पण आधी कुठल्या बेटाला जोडायचं यावर भांडण्यापेक्षा पहिल्याच टप्प्यातून दोन दिशांना बाहेर पडता येईल असं पाहा. नवं वर्तुळ परवडत नसेल तर जवळून जाणाऱ्या दुसऱ्या केबलवर राखीव क्षमतेचा करार करा. तेही शक्य नसेल तर निदान रुग्णालयं आणि आपत्कालीन सेवांपुरती उपग्रहाची जोडणी कायम चालू ठेवा. केबल आली म्हणून ती बंद करू नका.

आणि पहिल्या कंत्राटावर सही करतानाच दुसऱ्या टप्प्याचा दर, तो किती वर्षं लागू राहील, ब्रँचिंग युनिट नेमकी कुठे, विजेचा हिशेब कोणत्या लांबीपर्यंत आणि लँडिंग स्टेशनमध्ये पुढच्या उपकरणांसाठी किती जागा, हे लिहून घ्या. सहीनंतर पुरवठादाराला यातलं काहीही स्वस्तात देण्याची गरज उरत नाही. निविदेच्या शेवटच्या फेरीत खर्च कापण्यासाठी पहिला बळी ब्रँचिंग युनिटांचा दिला जातो. तो देऊ नका, त्याऐवजी किनाऱ्यावरच्या उपकरणांची पहिली खरेदी लहान करा.