पिवळ्या रिंगचं पेन आणि तेवीस थोटकं: सात महिन्यांच्या वापरानंतर

शनिवारी कोल्हापुरात भवानी मंडपासमोर चित्र काढत बसलो होतो, कमानीवरची शेवटची रेघ ओढत होतो आणि माझं ०.३५ (म्हणजे ०.३५ मिलिमीटर जाडीची रेघ काढणारं ड्राफ्ट्समनचं जुनं पेन) पुन्हा तुंबलं. ही सातवी खेप. पाठीमागं चार पोरं उभी राहून बघत होती, त्यातलं एक म्हणालं, "काका, शाई संपली वाटतं." शाई कुठली संपतेय, टाकी काठोकाठ भरलेली. घरी आलो, जेवलो आणि हे लिहायला बसलो. जुनी पेनं आणि वापरलेल्या वॉटरकलर पेन्सिली स्वस्तात मिळतात म्हणून कुणी घ्यायला निघालं असेल तर आधी माझं ऐका, मग खिशात हात घाला.

खरेदी फेब्रुवारीतली. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात मेथी आणायला गेलो होतो. जुनं सामान मांडून बसलेल्या एका मामांच्या पोत्यावर प्लास्टिकचा डबा दिसला. आत टेक्निकल पेनं चार, जर्मन बनावटीची: पांढऱ्या रिंगचं ०.२५, पिवळ्या रिंगचं ०.३५, तपकिरी ०.५ आणि निळं ०.७. शिवाय एक हीरोचं शाईपेन, फ्रेंच कर्व्हचा (वळणदार रेघा काढायच्या पट्टीचा) अर्धा तुकडा, ट्रेसिंग पेपरची गुंडाळी. उद्यमनगरातल्या कुठल्यातरी कारखान्याच्या ड्राफ्ट्समनचं सामान असणार. सगळी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर गेली आणि हे असं पोत्यावर आलं. मामा सातशे म्हणाले, मी तीनशे. "ओ साहेब, जर्मन हाय ते." साडेचारशेला मिटलं. बाजूला च्यवनप्राशच्या डब्यात रंगीत पेन्सिलींची थोटकं होती, ती "न्या की तशीच, पोरास्नी हुतील" म्हणून वरकड आली. मेथी राहिली. त्यावरून घरी जे व्हायचं ते झालं.

माझा हिशोब साधा होता. पेनं म्हणजे घबाड, थोटकं म्हणजे कचरा. जूनपर्यंत मी हेच सगळ्यांना सांगत होतो. जूनमध्ये लिहून ठेवलेल्या टिपणात तर "नवीन पेन घेणारे वेडे" असं वाक्य आहे. ते आता मागं घेतो.

पेनांचं आधी. चारही वाळून ठणठणीत. टेक्निकल पेनची निब म्हणजे एक बारीक नळी, आणि तिच्यातून जाणारी केसासारखी तार. तारेच्या मागं छोटं वजन असतं. पेन हलवलं की टिकटिक ऐकू येते, ती त्या वजनाची. टिकटिक आली म्हणजे तार मोकळी, नाही आली म्हणजे शाई आत दगड झालेली. ०.५ आणि ०.७ कोमट पाण्यात दोन रात्री ठेवल्यावर बोलायला लागली. ०.२५ ला आठवडा लागला. ०.३५ गप्प.

चौकशी करता कळलं की जुन्या इंडियन इंकमध्ये, म्हणजे ह्या पेनांतल्या काळ्या ड्रॉइंगच्या शाईत, लाख असते. ओली शाई पाण्यात मिसळते, पण एकदा वाळली की पाण्याला दाद देत नाही. म्हणून तर तिच्यावरून रंगाचा ओला ब्रश फिरवला तरी रेघ हलत नाही, आणि म्हणूनच ती साध्या शाईपेनात भरली तर त्या पेनाचं वाटोळं होतं. अमोनियानं लाख सुटते. पाण्यात थोडा अमोनिया घालून ठेवलं, खिडक्या उघड्या ठेवूनही बायकोनं दोन दिवस स्वयंपाकघरातून बोलणं चालू ठेवलं. काळं पाणी निघालं, टिकटिक नाही.

मग गुजरीत, आमच्या सराफ बाजारात गेलो. ओळखीच्या सोनारांकडं दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन आहे. पैंजणांच्या पाण्यात पेन टाकायला त्यांनी साफ नकार दिला, तो बरोबरच होता. मग काचेच्या छोट्या पेल्यात साबणाचं पाणी, त्यात निब, आणि तो पेला मशीनच्या पाण्यात. बटण दाबलं की भुंगा अडकल्यासारखा आवाज. मिनिटभर काही नाही. मग निबेच्या टोकातून शाईची बारीक दोरी निघाली, उदबत्तीचा धूर उलटा खाली उतरावा तशी, आणि पेल्याच्या तळाशी जाऊन पसरली. सोनार, त्यांचा कारागीर आणि मी, तिघंही वाकून ते बघत होतो. गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळत. पेन हलवलं: टिक. त्या दिवशी मी ०.३५ नं रात्री बारापर्यंत रेघा ओढल्या. अशी रेघ मी आजवर कुठल्याही नव्या फायबर टिपच्या पेननं ओढलेली नाही. सुरुवातीला जेवढी जाड तेवढीच शेवटाला. दाबा, न दाबा, काही फरक नाही. फक्त पेन सरळ उभं धरावं लागतं, हात तिरका झाला की ते रुसतं.

नऊ दिवसांनी पुन्हा तुंबलं. पुन्हा गुजरी. नंतर आणखी दोनदा. आता सोनार लांबून मला बघितलं की पेला काढून ठेवतात.

शेवटी म्हटलं नवी निबच घालू. एका स्टेशनरी दुकानात विचारलं. (दुकानाचं नाव देत नाही, अजून तिथूनच कागद घेतो.) मालक म्हणाले, "आता कोण वापरतंय हे? मागवून देतो, चारशे आगाऊ ठेवा." तीन आठवड्यांनी निब आली, ती ०.३ ची. माझ्या पेनात बसतच नाही. मालकांचं म्हणणं, अर्ध्या दशांशानं काय फरक पडतोय! अहो, बसायला तर पाहिजे ना? अर्धा तास आवाज चढवून बोलल्यावर तोडगा असा निघाला की पैसे परत नाहीत, तेवढ्याचा माल न्या. चारशेचा कार्ट्रिज पेपर घेऊन आलो. दिवाळीपर्यंत कागदाची ददात नाही, एवढंच समाधान.

आणि इथं एक कबुली द्यायला पाहिजे, जी मी दुकानदाराला दिली नाही. मार्चमध्ये, गुजरीत जायच्या आधी, मी ०.३५ ची तार स्वतः बाहेर ओढून काढली होती. बारीक निबांची तार काढायची नसते. परत घालताना ती जरा वाकली. नखानं सरळ केली, पण नुसत्या डोळ्याला सरळ दिसणारी तार नळीला सरळ वाटेलच असं नाही. म्हणजे दोष पेनाचा किती आणि माझ्या बोटांचा किती, हे आता सोनारही सांगू शकणार नाहीत.

आता थोटकं. एकूण तेवीस. त्यातली अकरा फाबर-कास्टेलची अल्ब्रेख्त ड्यूरर, सहाकोनी. (ड्यूरर न्यूरेंबर्गचा चित्रकार, आणि ही कंपनी त्याच शहराशेजारच्या श्टाइनची, १७६१ पासूनची. नाव उगाच दिलेलं नाही.) तीन-चार कॅमलच्या, बाकीच्यांची नावं टोक काढता काढता गेलेली. सुदैवानं ड्यूररचा नंबर मागच्या टोकाला असतो, म्हणून २८३ म्हणजे बर्न्ट सिएना, २४६ म्हणजे प्रशियन ब्लू, १५७ म्हणजे डार्क इंडिगो हे कळलं. नंबराजवळ चांदण्या असतात. तीन चांदण्या म्हणजे उन्हात सगळ्यात जास्त टिकणारा रंग. जुनं घेताना आधी त्या बघा.

बिनानावाच्या थोटकांचं शिसं आतून तुटलेलं. कुणीतरी कधीतरी डबा पाडला असणार. टोक काढलं की कण्या गळतात, परत काढलं की परत. उन्हात ठेवली की शिसं सांधतं असं ऐकलं होतं. एप्रिलचं ऊन, गच्चीवर तीन दिवस ठेवली. काही सांधलं नाही, लाकडाचा रंग तेवढा उडाला. त्या कण्या टाकायच्या नाहीत. बशीत पाण्याच्या दोन थेंबांबरोबर घोळवल्या की सरळ वॉटरकलर तयार.

खरी अडचण धरायची. चार-पाच सेंटिमीटरचं थोटूक तीन बोटांत धरून अर्धा तास काढलं की अंगठा आखडतो. दुकानातले होल्डर साध्या गोल पेन्सिलीला बसतात, ह्या जाड सहाकोनीला नाही. उद्यमनगरात लेथवर काम करणारा एक मित्र आहे, त्याला दाखवलं. तो म्हणाला, "पंपाचं सांग, व्हॉल्व्हचं सांग, पेन्सिलीला कुणी जोड लावतंय व्हय?" पण बाबूराव पेंटरांनी जिथं शंभरेक वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेराच गावात तयार केला, तिथं पेन्सिलीची नळी काय अवघड? स्क्रॅपमधल्या पितळी सळीचा तुकडा, आत भोक, पुढं चार चिरा, वर सरकणारी रिंग. रिंग पुढं ओढली की थोटूक घट्ट. मजुरी ऐंशी रुपये, मैत्रीखातर दोन नग. नळीला वजन आहे, त्यामुळं हात आपोआप हलका पडतो, आणि वॉटरकलर पेन्सिलीला हलका हातच लागतो. दाबून काढलेली रेघ पाणी लावल्यावर पूर्ण विरघळत नाही, खाली ओरखडा राहतो. हलक्या हातानं दोन-तीन थर दिले की ब्रश फिरताच रंग सुटतो.

डब्यात काळी पेन्सिल नव्हती. आधी वाईट वाटलं, कारण आपल्या गावात काढायचं म्हणजे काळा दगड आलाच. पंचगंगेच्या घाटावर बसून १५७ खाली आणि २८३ वर दिलं, पाणी मारलं, आणि पायऱ्यांचा तो ओला, थोडा तांबूस काळा समोर आला. नुसत्या काळ्या पेन्सिलीनं डांबर दिसतं. दगड ह्या जोडीनं दिसतो. त्या दिवशी थोटकांना कचरा म्हणणं बंद केलं.

हीरोचं सांगायचं राहिलं. त्यात साधी काळी शाई. वरून पाणी लागलं की रेघ फुटते, म्हणून मी ते बाजूला टाकलं होतं. जुलैअखेर पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांवर गेली आणि सगळं गाव निघतं तसा मीही पूर बघायला निघालो. ०.३५ अर्थातच तुंबलेलं, खिशात हीरो. शिवाजी पुलाजवळ कणीस खात वहीत घाईनं रेघा मारल्या: अर्धी बुडालेली देवळं, झाडांचे नुसते शेंडे. वर पाऊस. चार थेंब पानावर पडले आणि काळ्या रेघेतून निळा-जांभळा रंग सुटून पाण्यात पसरला. पुसायला गेलो आणि थांबलो. आभाळ तसंच होतं, हुबेहूब. मग मुद्दाम ओला ब्रश फिरवला. सात महिन्यांतलं माझं सगळ्यात बरं चित्र ते, आणि ते सगळ्यात स्वस्त पेनचं आहे. आता कायमची रेघ हवी तिथं ०.५, आणि पाऊस-पाणी असेल तिथं हीरो.

पोरगी नववीत आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेची तयारी चाललीय. परवा म्हणाली, "बाबा, तुमची पितळेची नळी मी नेतो." (कोल्हापूरबाहेरच्यांसाठी: आमच्या मुली असंच बोलतात.) बरोबर ड्यूररची सहा थोटकं गेली, त्यात २८३ पण. ती परत यायची आशा सोडली आहे. दोन नग केले ते बरं झालं.

तर घ्यायचंच असेल तर पेन्सिली डोळे झाकून घ्या, नंबर आणि चांदण्या तेवढ्या बघा. शाईपेन शंभराच्या आत मिळालं तर घ्या. टेक्निकल पेन तिथंच कानाजवळ धरून हलवा, टिकटिक नाही आली तर भाव अर्ध्यावर आणा. आणि कुणाच्या कपाटात पिवळ्या रिंगची ०.३५ ची निब पडून असेल तर कळवा. किंमत माझ्या अख्ख्या डब्यापेक्षा कमी पाहिजे.