नाचणी सत्त्व उत्तम, पाकिटावरचे वय मात्र चुकीचे

मुलीच्या उष्टावणासाठी घराजवळच्या दुकानातून मोड आणलेल्या नाचणीच्या सत्त्वाचे पाकीट आणले होते. सत्त्व खरोखरच चांगले आहे. दळण वस्त्रगाळ आहे, त्यात साखर किंवा दूध पावडर नाही, आणि आधी थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवले की एकही गुठळी होत नाही. माझी तक्रार आहे ती पाकिटावर छापलेल्या ‘चार महिन्यांपासून’ या शब्दांबद्दल.

त्या शब्दांवर विसंबून आम्ही साडेचार महिन्यांच्या बाळाला पहिला चमचा भरवला. तिने तो जिभेने जसाच्या तसा बाहेर ढकलला, दुसऱ्या चमच्याला तिला ठसका लागला, आणि मांडीवर बसवले तरी तिची मान कलत होती. चव आवडली नसावी, असे घरात सर्वांना वाटले. परंतु जीभ पुढे सारणे ही त्या वयातील उपजत प्रतिक्रिया असून ती ओसरल्याशिवाय बाळाला घास नीट गिळता येत नाही, हे बालरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले. रात्री वारंवार उठणे किंवा मुठी चोखणे एवढ्यावरून बाळाला वरचे अन्न हवे आहे, असे ठरवू नये, हेही त्यांच्याकडूनच कळले.

जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ स्तनपानाची शिफारस करते, आणि आपल्याकडील 1992 च्या शिशुअन्नविषयक कायद्यातही, 2003 च्या दुरुस्तीनंतर, शिशुअन्न म्हणजे सहा महिन्यांनंतरचे पूरक अन्न अशीच व्याख्या आहे. बाळासाठी म्हणून सत्त्व विकणाऱ्याला एवढे ठाऊक असायलाच हवे.

सहा महिने झाल्यावर तीच मुलगी आधाराने ताठ बसू लागली, मान सावरू लागली आणि आमच्या ताटातला पोळीचा तुकडा उचलून तोंडाकडे नेऊ लागली. तेव्हा त्याच सत्त्वाची, चमच्यातून ओघळणार नाही इतकी दाट खीर तिने शांतपणे गिळली. पाकिटावरील कृतीत गूळ आहे, तो आम्ही वगळला. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ नको, आणि मध तर बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे मुळीच नको. नाचणीत कॅल्शियम भरपूर असले तरी बाळाचा जन्मतः असलेला लोहाचा साठा याच सुमारास कमी होऊ लागतो, म्हणून मुगाचे घट्ट वरण आणि कुस्करलेले अंडेही लवकरच सुरू केले.

सत्त्व आम्ही पुन्हा आणणार आहोत. छापील वय बदलावे, अशी चिठ्ठी उत्पादकासाठी दुकानात दिली आहे.