सिंथेटिक ऑइल कुठलं, फिल्टर कुठला आणि जास्तीचे पैसे नक्की कशावर घालायचे

घाईत असाल तर उत्तर आधीच सांगून टाकतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन पाळणारं साधं फुल सिंथेटिक इंजिन ऑइल घ्या, सोबत ओरिजिनलच्या तोडीचा फिल्टर, आणि दोन्ही वेळेवर बदला. भारीतलं एस्टरवालं ऑइल आणून त्याला हाताला लागेल तो फिल्टर लावायचा आणि वर "सिंथेटिक आहे, चालतंय अजून" म्हणत किलोमीटर ताणायचे, त्यापेक्षा हे केव्हाही बरं. ज्यांना का ते जाणून घ्यायचंय त्यांनी पुढे वाचा.

आधी मिनरल, सेमी आणि फुल सिंथेटिक. मिनरल म्हणजे क्रूडपासून काढून साफ केलेलं ऑइल, त्यात लहानमोठे सगळ्या आकाराचे रेणू असतात, थोडं मेण राहतं, त्यामुळे थंडीत लवकर घट्ट होतं आणि खूप तापलं की लवकर खराब होतं. सिंथेटिकमध्ये रेणू बऱ्यापैकी एकसारखे असतात म्हणून थंडीत वाहतं, गरमीत टिकतं आणि वाफ होऊन कमी उडतं. आता सेमी सिंथेटिक. यात सिंथेटिक किती टक्के असावं याचा सगळीकडे लागू होईल असा काही नियमच नाहीये, दहा टक्के घालून पण डब्यावर सेमी लिहिता येतं आणि पन्नास घालून पण. त्यामुळे "मधला मार्ग" म्हणून सेमी घेणाऱ्यांना मी नेहमी म्हणतो की एकतर मॅन्युअल मिनरलच सांगत असेल तर मिनरल टाका आणि लवकर बदला, नाहीतर सरळ फुल सिंथेटिकवर जा. टर्बो इंजिन असेल तर हा प्रश्नच नको, तिथे टर्बोच्या बेअरिंगजवळ ऑइल इतकं तापतं की मिनरल जळून त्याची कोळशासारखी खपली बसते.

आता फुल सिंथेटिकमध्येच दोन घराणी आहेत आणि खरी वादावादी इथे असते. बेस ऑइलचे, म्हणजे अ‍ॅडिटिव्ह घालायच्या आधीच्या मूळ तेलाचे, एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने पाच गट केलेत. गट ३ म्हणजे क्रूडच, पण हायड्रोजनखाली जोरदार प्रक्रिया करून रेणूच बदलून टाकलेले. गट ४ म्हणजे पीएओ, लहान रेणू जोडून बनवलेलं. गट ५ मध्ये एस्टर आणि उरलेलं सगळं. पूर्वी सिंथेटिक म्हटलं की ४ आणि ५ च धरायचे. मग कॅस्ट्रॉलने गट ३ वापरून डब्यावर सिंथेटिक लिहिलं, मोबिलने अमेरिकेतल्या जाहिरातींच्या तक्रारी बघणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली आणि १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून बाजारातलं बहुतेक "फुल सिंथेटिक" गट ३ चंच असतं. यात फसवणूक झाली का? माझ्या मते नाही. आजचं चांगलं गट ३ पीएओच्या खूप जवळ गेलंय, शिवाय डब्यात नुसतं बेस ऑइल नसतं, डिटर्जंट, झीज थांबवणारं झिंक-फॉस्फरस, जाडी सांभाळणारे पॉलिमर असा बराच मोठा हिस्सा अ‍ॅडिटिव्हचा असतो आणि चांगल्या-वाईटाचा फरक तिथे पण पडतो. पीएओ किंवा एस्टरला खरंच जास्त पैसे द्यावे अशा जागा मोजक्या आहेत: उणे तीसच्या खाली गाडी सुरू करायची असेल, ट्रॅकवर पळवत असाल, किंवा ऑइल लॅबमध्ये तपासून मुद्दाम जास्त किलोमीटर वापरणार असाल. बाकीच्यांनी या भांडणात पडूच नये.

ग्रेडकडे मात्र नीट बघा. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत इंजिन फिरवायला ऑइल किती जड जातं ते सांगतो, ०डब्ल्यू ची टेस्ट उणे ३५ डिग्रीला होते, ५डब्ल्यू ची उणे ३० ला, १०डब्ल्यू ची उणे २५ ला. दुसरा आकडा १०० डिग्रीला ऑइल किती जाड राहतं त्याचा. इथे एक गंमत आहे जी डब्यावर कोणी लिहीत नाही: तो आकडा म्हणजे एक रेंज असते. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (ऑइलची जाडी मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३. म्हणजे एका कंपनीचं ३० जवळजवळ ४० ला टेकलेलं असू शकतं आणि दुसऱ्याचं २० च्या उंबऱ्यावर.

त्याहून मोठा फरक एचटीएचएस नावाच्या आकड्यात असतो. १५० डिग्रीला, जोरात घासलं जात असताना ऑइलची जाडी किती उरते ते हा आकडा सांगतो, आणि बेअरिंगला खरं संरक्षण यातूनच मिळतं. आता दोन डबे शेजारी ठेवा, दोन्हीवर ५डब्ल्यू-३०, दोन्हीवर फुल सिंथेटिक. एकावर एसीईए (युरोपातल्या गाडी कंपन्यांची संघटना) ए५/बी५ लिहिलंय, त्याचा एचटीएचएस २.९ ते ३.५ मध्ये, म्हणजे पेट्रोल-डिझेल वाचवायला पातळ ठेवलेलं. दुसऱ्यावर एसीईएचंच सी३ लिहिलंय, त्याचा ३.५ किंवा वर. समोरून बघितलं तर सारखेच, आत दोन वेगळी ऑइलं. सी३ मागणाऱ्या इंजिनात ए५/बी५ टाकलं तर ग्रेड बरोबर असूनही ऑइल चुकीचं. म्हणून मी डबा हातात घेतला की आधी उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचतो, पुढची बाजू जाहिरातीची असते.

मागे काय शोधायचं? पेट्रोल गाडीला एपीआय एसपी, हे २०२० मध्ये आलं. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनवाल्या इंजिनात कमी स्पीडला जोर दिला की ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायचं आणि पिस्टन फुटायचे, शिवाय टायमिंग चेन झिजायची, त्यावर यात खास टेस्ट आहेत. डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर एसीईए सी मालिकेतलंच, कारण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख डीपीएफमध्ये साठते, आणि काजळी जशी रीजनरेशनमध्ये, म्हणजे डीपीएफ तापून स्वतःला साफ करतो तेव्हा, जळून जाते तशी राख जळत नाही, ती कायमची बसते. डीपीएफ नवा घालायचा खर्च काढून बघा, मग ऑइलमध्ये वाचवलेले पैसे आठवणार पण नाहीत. आणि मॅन्युअलमध्ये गाडीच्या कंपनीचाच कोड दिलेला असेल, फोक्सवॅगन ५०४ ००/५०७ ०० किंवा मर्सिडीज २२९.५१ असं काहीतरी, तर "अप्रूव्ह्ड" शब्द शोधा. "रेकमेंडेड फॉर" किंवा "मीट्स" म्हणजे ऑइल कंपनी स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट देतेय. ते ऑइल वाईट असेलच असं नाही, पण वॉरंटीतल्या गाडीत कशाला रिस्क.

आता फिल्टर. लोक ऑइलवर आठवडाभर रिसर्च करतात आणि फिल्टर मेकॅनिक हातात देईल तो. माझ्या आधीच्या गाडीत मी तेच केलं होतं. त्या गाडीत फिल्टर आडवा बसायचा. सर्व्हिसनंतर आठ-दहा दिवसांनी सकाळी स्टार्ट मारला की दोन-तीन सेकंद खडखड यायला लागली, मला वाटलं ऑइल डुप्लिकेट निघालं. ऑइल चांगलंच होतं. फिल्टरमध्ये एक रबरी झडप असते, इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधलं ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून, ती त्या फिल्टरमध्ये इतकी कडक झाली होती की रात्रभरात सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरायचं आणि सकाळी पंप फिल्टर भरेपर्यंत वरचे भाग कोरडे फिरायचे. फिल्टर बदलला, खडखड गेली. तर आडवा किंवा उलटा फिल्टर असेल तर ही झडप सिलिकॉनची घ्या, साधं नायट्राइल गरमीत हळूहळू कडक होतं. फिल्टर तोंड वर करून सरळ उभा बसत असेल तर ऑइल तसंही आतच राहतं, मग यासाठी जास्त पैसे घालू नका.

आतल्या जाळीत दोन पर्याय. सेल्युलोज म्हणजे कागद, त्याचे धागे जाडेभरडे आणि कमीजास्त, ओलाव्याने फुगतात. सिंथेटिक म्हणजे काच किंवा पॉलिस्टरचे बारीक एकसारखे धागे, बारीक कण पकडतात आणि चोक व्हायच्या आधी जास्त घाण साठवतात. मध्ये मिक्स पण मिळतात आणि रोजच्या गाडीला ते पुरतात. बॉक्सवर "९९ टक्के" दिसलं की लगेच खूश होऊ नका, किती मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांना ९९ ते बघा. २० मायक्रॉनला ९९ टक्के असेल तर चांगला, ४० ला ९९ म्हणजे खूप काही निसटतंय, कारण बेअरिंगमधला ऑइलचा थरच मुळात काही मायक्रॉनचा. सोबत आयएसओ ४५४८-१२ लिहिलेलं असेल तर तो आकडा ठरलेल्या पद्धतीने काढलाय. काहीच लिहिलं नसेल तर समजून जा.

सेल्युलोज फिल्टर दुप्पट किलोमीटर चालवला तर काय होतं? इंजिनाचं ऑइल बंद होत नाही, बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल तसंच पुढे जातं. इंजिन चालतंय, दिवा लागत नाही, तुम्ही पण मजेत. म्हणून ऑइल जास्त चालणारं घेतलं तर फिल्टर पण तितका चालणारा पाहिजे. आणि "या वेळी नुसतं ऑइल बदला, पुढच्या वेळी फिल्टर" हा प्रकार तर हत्ती गेला नि शेपूट राहिलं यातला, जुन्या फिल्टरमध्ये राहिलेलं काळं ऑइल नव्यात मिसळतं.

ओरिजिनल की बाहेरचा? गाडीच्या कंपन्या स्वतः फिल्टर बनवत नाहीत सहसा, मान, माहले अशा फिल्टर कंपन्या त्यांना पुरवतात आणि तेच स्वतःच्या नावाने पण विकतात. पार्ट नंबर जुळत असेल तर बिनधास्त घ्या. तोच आटा (थ्रेड) आहे म्हणून लांब फिल्टर लावणारे पण भेटतात, त्यांना एकच प्रश्न, त्याच्या बायपासचं प्रेशर सेटिंग बघितलंत का? तुमच्या गाडीत कार्ट्रिज टाइप असेल तर अर्धी डोकेदुखी आपोआप कमी होते, कारण झडपा बहुतेक वेळा गाडीच्या हाउसिंगमध्येच असतात, तुम्ही फक्त जाळी आणि ओ-रिंग बदलता. ओ-रिंग मात्र नवीच लावायची.

मग कोणी काय घ्यावं? रोज चार-पाच किलोमीटर ऑफिस आणि परत, असं असेल तर इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाणी उतरत राहतं, आणि ते पीएओ असो की गट ३, सगळ्यांनाच पातळ करतं. इथे साधं गट ३, मिक्स जाळीचा फिल्टर, आणि किलोमीटर झाले नाहीत तरी महिने मोजून बदला. हायवेवर लांब पळणारी गाडी म्हणजे ऑइलची मजा, तिथे सिंथेटिक जाळीचा फिल्टर घ्या आणि मॅन्युअलमधली कमाल मर्यादा निर्धास्त वापरा. जुनी, ऑइल पिणारी गाडी असेल तर भारीतलं ऑइल सायलेन्सरमधून धूर होऊनच जाणार आहे, मॅन्युअल परवानगी देत असेल तर एक ग्रेड जाड घ्या आणि दर आठवड्याला डिपस्टिक बघा. मिनरलवरून सिंथेटिकवर गेलं की सील गळतात ही भीती बरीच जुन्या काळातली, आधीच कडक झालेलं सील असेल तरच थेंब दिसतात, आणि ते आज नाहीतर उद्या गळणारच होतं. रंग बघून ऑइल बदलणारे पण थांबा जरा, डिझेलचं ऑइल काही दिवसांतच काळं होतं, ते काजळी धरून ठेवतंय म्हणजे काम करतंय.

बसवताना एकच गोष्ट स्वतः उभं राहून बघा. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत बाहेर आली का. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि वर नवा फिल्टर कसला तर दोन रिंगा एकावर एक बसतात, इंजिन चालू झालं, प्रेशर आलं की तिथून ऑइल धो धो बाहेर. नव्या रिंगला बोटाने थोडं ऑइल लावून, हातानेच, रिंग टेकल्यावर पाऊण फेरा. पाना फक्त काढताना लागतो.