होस्टिंगवाला फोन उचलत नाही, आणि डोमेनही त्याच्याच ताब्यात

साइट बंद, तक्रारीच्या तिकिटाला उत्तर नाही, फोन लागत नाही. वैतागून डोमेन, म्हणजे साइटचं नाव, दुसरीकडे हलवायला जावं तर कळतं, मालक म्हणून नोंद होस्टिंगवाल्याची आहे. 'होस्टिंगसोबत डोमेन फुकट' या ऑफरमध्ये ही फसवणूक सहज खपून जाते. पैसे दरवर्षी तुम्ही भरता, नाव त्याचं लागतं.

आधी आयकॅनच्या (डोमेन नावांचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) लुकअपमध्ये, म्हणजे शोध पानावर, डोमेन टाकून बघा. रजिस्ट्रार (डोमेनची अधिकृत नोंदणी करणारी कंपनी) कोण, मुदत कधी संपते, स्टेटस काय, हे दिसेल. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असतं. ते रजिस्ट्रारला विचारा. बरेच होस्टिंगवाले नुसते रिसेलर, म्हणजे मधले विक्रेते असतात, खरा रजिस्ट्रार वेगळीच कंपनी. गप्प बसलेल्या रिसेलरच्या मागे लागण्यात दिवस घालवू नका, थेट रजिस्ट्रारला लिहा.

नोंद तुमच्या नावावर निघाली तर मार्ग मोकळा आहे. स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' म्हणजे लॉक. तो काढायला सांगा आणि ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा पासवर्ड, मागा. तुमच्या खात्याच्या पॅनलमध्ये ही सोय नसेल, तर डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या डोमेनसाठी रजिस्ट्रारने 5 दिवसांत दोन्ही करून द्यायचं असतं. होस्टिंगचं बिल थकलंय, ही सबब चालत नाही. टाळाटाळ केली तर आयकॅनकडे तक्रार करा. कोड नव्या रजिस्ट्रारला दिला की पुढे जुन्याचं मौन तुमच्या पथ्यावरच पडतं: त्याने 5 दिवसांत हरकत घेतली नाही तर ट्रान्सफर आपोआप होतं. देशांच्या डोमेनचे नियम मात्र ज्याचे त्याचे वेगळे.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती ईमेलवर. नोंदीतला ईमेल त्याच डोमेनवरचा असतो, होस्टिंग बंद पडलं की तोही बंद, मग कोड येणार कुठे? ईमेल बदलावा तर मालकबदल धरून 60 दिवसांचं लॉक लागू शकतं. काही रजिस्ट्रार ते नाकारायची मुभा देतात, पण ती बदल करण्याआधीच मागावी लागते. नवी नोंदणी किंवा आधीचं ट्रान्सफर 60 दिवसांच्या आतलं असेल तरी थांबावं लागतं.

कोड मागण्याआधी फाइल्स, डेटाबेस आणि मेल उतरवून घ्या. डीएनएसमधल्या (डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं हे सांगणारी यादी) एमएक्स आणि टीएक्सटी या मेलसाठी लागणाऱ्या नोंदी उतरवायला लोक विसरतात, आणि साइट सुरू होऊनही मेल येत नाही. डीएनएसएसईसी (डीएनएस नोंदी खऱ्या आहेत हे पडताळणारी सोय) चालू असेल तर तिची डीएस रेकॉर्ड ही नोंद आधी काढा, नाहीतर नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएस ठेवणारा सर्व्हर, बदलल्यावर बऱ्याच जणांना साइट उघडणारच नाही.

मुदत उलटू देऊ नका. मुदत उलटून डोमेन रद्द झालं की ते सोडवून घ्यायला मिळणाऱ्या रिडेम्प्शनच्या 30 दिवसांत ट्रान्सफर होत नाही, सोडवायला जबर दंड पडतो. त्यानंतर 5 दिवसांनी नाव कुणालाही मिळू शकतं.

नोंद होस्टिंगवाल्याचीच असेल तर आयकॅन मालकी ठरवून देत नाही. पावत्या, करार, जुने मेल रजिस्ट्रारकडे द्या. तरी बहुतेकदा कोर्टाचा आदेश मागितला जातो.