अडीच हजारांचं करिअर गायडन्स, फाईल फुसकी पण काका भारी

भाचा दहावी झाला, पुढं काय करायचं त्याला सुचेना नि घरात रोज डोकेफोड, म्हणून जळगावातल्या एका करिअर गायडन्स सेंटरला नेलं, नाव टाकत नाही उगाच वाद नको. फी अडीच हजार. कॉम्प्युटरवर टेस्ट घेतात, मग रंगीत फाईल देतात, त्यात गोल चार्ट नि "तुमच्यात नेतृत्वगुण आहेत". भो, शेजारच्या पोराच्या फाईलमधे पण सेम हेच वाक्य, मी वाकून वाचलं!

बरं फाईलमधे क्षेत्रांची नावं आहेत, पण तिथं शिरल्यावर माणूस वर कसा चढतो याचं एक अक्षर नाही. डॉक्टर लिहून मोकळे, पण एमबीबीएसची साडेचार वर्षं, वर संपूर्ण एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी या प्रवेश परीक्षेत नंबर लागला तर एमडीची ३ वर्षं, म्हणजे पोरगं तिशीकडे झुकेपर्यंत शिकतंच आहे हे आईबापाला कोण सांगणार? सीएला आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली प्रॅक्टिकल काम, आता २ वर्षांची झालीय, तेही नाही. वकिलीत तर सनद हातात आली तरी सुरुवातीला सिनियरच्या फायली उचलून कोर्टात तारखा घेत फिरायचं, कमाईचं नाव काढू नका.

पैसे वसूल झाले ते शनिवारच्या लेक्चरला, भुसावळचे रिटायर्ड लोको पायलट, म्हणजे रेल्वे ड्रायव्हर, काका आले होते. आल्या आल्या विचारलं चष्मा कोणाकोणाला आहे, निम्मे हात वर. म्हणे मग आत्ताच ऐकून ठेवा, इथं ए-वन मेडिकल लागतं, नजर बिनचष्म्याची पाहिजे आणि लेसिक करून आलात तरी बाद. दहावी नि आयटीआयवर असिस्टंट म्हणून लागता येतं, मग शंटिंग (यार्डात डबे इकडून तिकडं जोडणं), मालगाडी, पॅसेंजर करत करत मेल-एक्सप्रेस हातात यायला केस पिकतात, आणि मालगाडीच्या वर्षांत रात्री दोनला कॉल आला की डबा भरून निघायचं, दिवाळी असो का पोळा. पोरं टाचणी पडेल तर ऐकू येईल अशी शांत!

भाच्याला दीडचा नंबर आहे, त्यामुळे रेल्वेचा विषय तिथंच संपला, आता पॉलिटेक्निकचे फॉर्म बघतोय, डिप्लोमा करून इंजिनिअरिंगला डायरेक्ट सेकंड इयर.

फाईलला पाचपैकी दीड स्टार, काकांना पाच. जायचं असेल तर आधी फोन करून शनिवारचं लेक्चर आहे का ते विचारा, नुसती टेस्ट असेल तर राहू द्या. आणि गाडी लांब लावा, खाली पार्किंगच नाही.